क्रीम आयशॅडो घडीत साचते तेव्हा आधी घड्याळ पाहावे

क्रीम आयशॅडोबद्दलची तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात केली जाते: सकाळी नीट लावली होती, पण थोड्या वेळाने पापणीच्या घडीत रेघ पडली. त्यावर मिळणारा सल्लाही ठरलेला असतो. प्रायमर (आयशॅडोच्या खाली लावायचा आधाराचा थर) लावा, वरून पावडर दाबा, नाहीतर दुसरी डबी घ्या. यांतला प्रत्येक उपाय कधी ना कधी लागू पडतो, आणि म्हणूनच तो लागू पडला नाही की वापरणारी व्यक्ती गोंधळून जाते. कारण ‘रेघ पडली’ या दोन शब्दांत निदान तीन वेगवेगळ्या बिघाडांची सरमिसळ झालेली असते. मी स्वतः काही महिने एकामागून एक डब्या बदलल्या आणि प्रत्येकीला नावे ठेवली. दोष डब्यांचा नव्हताच. रात्री मेकअप काढण्यासाठी मी जो द्रव वापरत असे, त्याचा तेलकट अंश सकाळपर्यंत पापणीवर टिकून राहत होता आणि त्यावर लावलेली कोणतीही क्रीम तासाभरात सरकत होती. तेव्हापासून मी नवी वस्तू घेण्याआधी दोनच गोष्टी पाहते: रेघ लावल्यापासून किती वेळाने दिसली, आणि ती दिसते कशी.

पापणी ही मेकअपसाठी अवघड जागा आहे हे आधी मान्य करावे लागते. तिथली त्वचा शरीरावरील सर्वांत पातळ त्वचांपैकी आहे. तिची जाडी एक मिलिमीटरपेक्षाही कमी असते. माणूस जागेपणी मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा डोळे मिटतो, म्हणजे तासाला ९०० ते १,२०० वेळा आणि आठ तासांत सुमारे सात ते साडेनऊ हजार वेळा ही त्वचा एकाच रेषेवर दुमडते. डोळा उघडणाऱ्या स्नायूचे तंतू त्या ठिकाणी त्वचेला आतून जोडलेले असल्यामुळे घडी दर वेळी तिथेच पडते. ती जागा रोज थोडी इकडे, थोडी तिकडे होत नाही. शिवाय वरच्या पापणीच्या कडेला मायबोमियन नावाच्या सुमारे २५ ते ४० तेलग्रंथी असतात आणि पापणीच्या त्वचेतही लहान तेलग्रंथी असतातच. दुमडणे, घासणे आणि तेल या तिन्ही गोष्टी जिथे एकत्र येतात तिथे रंगाचा थर आठ तास जागचा हलू नये, अशी आपली अपेक्षा असते.

वेळेवरून होणारे निदान साधारण असे आहे. रेघ पहिल्या दहा मिनिटांत पडली, तर चूक लावण्यात आहे. ती एक ते दोन तासांत पडली, तर रंगाच्या खाली काहीतरी तेलकट आहे किंवा ती क्रीम मुळात सुकणाऱ्या जातीची नाही. दुपार उलटल्यावर पडली, तर पापणीचे स्वतःचे तेल जिंकले असे समजावे. रेघेचे रूपही हेच सांगते. गडद, ओलसर, गोळा झालेली रेघ म्हणजे रंग हलता राहिला. रंग नाहीसा होऊन मधोमध फिकी पट्टी उरली असेल, तर थर आधी नीट बसला होता पण नंतर विरघळून घासला गेला. आणि बारीक कोरडी भेग दिसत असेल, तर थर जाड झाला आहे किंवा त्यावर पावडर जास्त पडली आहे. कोरड्या भेगेवर आणखी पावडर लावणे म्हणजे बिघाड वाढवणे होय, आणि नेमकी हीच चूक सर्रास होते.

पहिल्या दहा मिनिटांची रेघ

ही सर्वांत सोपी, म्हणून आधी हातावेगळी करू. सुकणाऱ्या जातीची क्रीम बसायला अर्धा ते एक मिनिट घेते. या मिनिटात आपण सवयीने पंधरा-वीस वेळा डोळे मिटतो, वर पाहून आरशात डोकावतो, भुवई उंचावून रंग कसा दिसतो ते तपासतो. थर ओला असतानाच घडी पडली की तो घडीच्या आकारातच सुकतो आणि मग दिवसभर तसाच राहतो. याचा उपाय आरशाच्या जागेत आहे. आरसा हनुवटीच्या खाली धरून त्यात खाली पाहावे. पापणी बोटाने न ओढता आपोआप सपाट पसरते आणि डोळा उघडाही राहतो. एका डोळ्याला रंग लावावा, तो बसेपर्यंत नजर खालीच ठेवावी आणि मगच दुसऱ्या डोळ्याकडे वळावे. दोन्ही डोळ्यांना एकदम रंग लावून मग दोन्हीकडचा एकदम पसरवत बसणे सुकणाऱ्या क्रीमला मानवत नाही, कारण दुसऱ्या डोळ्यापर्यंत पोहोचेपर्यंत पहिल्यावरचा थर अर्धवट बसलेला असतो आणि त्यावर बोट फिरले की तो सालपटासारखा उचलला जातो.

दुसरे कारण प्रमाण. एका पापणीसाठी टाचणीच्या डोक्याएवढी क्रीम पहिल्या थराला पुरते. रंग कमी वाटला तर पहिला थर बसल्यावर तितकाच दुसरा द्यावा. दोन पातळ थर हे एका जाड थरापेक्षा नेहमीच जास्त टिकतात, कारण जाड थराचा वरचा पृष्ठभाग सुकून आतला भाग ओला राहतो. रंग पापण्यांच्या केसांजवळ आधी टेकवावा आणि उरलेला अंश वर घडीकडे न्यावा. घडीतच बोट प्रथम टेकवले, तर सगळ्यांत जाड थर सगळ्यांत वाईट जागी बसतो. थर बसवायला मला अनामिका पसंत आहे. तिचा दाब कमी पडतो आणि बोटाच्या उबेने क्रीम मऊ होऊन पातळ पसरते. कडा विरवण्यासाठी मात्र लहान, दाट, कृत्रिम केसांचा ब्रशच हवा. बोटाने कडा विरवण्याच्या नादात रंग भुवईपर्यंत जातो, हे आरशात लगेच दिसत नाही आणि फोटोत लगेच दिसते.

तासा-दोन तासांची रेघ

बहुतेक लोकांची खरी अडचण ही आहे, आणि तिची दोन कारणे वेगळी करणे सर्वांत महत्त्वाचे आहे: खाली काय आहे, आणि डबीत काय आहे.

खालच्या थराचा तपास एका सकाळी होतो. नेहमीप्रमाणे चेहरा धुतल्यावर, काहीही न लावता, टिश्यू कागदाचा तुकडा पापणीवर हलका दाबावा. त्यावर तेलाचा पारदर्शक डाग उमटला, तर तो रात्रीच्या डोळ्यांच्या क्रीमचा किंवा मेकअप काढणाऱ्या द्रवाचा असण्याची शक्यता मोठी आहे. दोन थरांचा, हलवून वापरायचा द्रव टिकाऊ आयशॅडो काढण्यात उत्तम असतो, कारण त्याचा वरचा थर तेलाचा किंवा सिलिकोनसारख्या विद्रावकाचा असतो. पण त्यानंतर पापणी सौम्य फेसवॉशने धुतली नाही, तर तोच विद्रावक दुसऱ्या दिवशीच्या आयशॅडोवरही काम करत राहतो. मायसेलर पाण्याचाही (मेकअप पुसून काढण्याच्या पाण्यासारख्या द्रवाचाही) अंश मागे राहतो. ‘धुण्याची गरज नाही’ असे बाटलीवर छापलेले असले, तरी पापणीपुरते ते मनावर घेऊ नये.

डोळ्यांची क्रीम सोडायची नसेल, तर ती रात्रीपुरती ठेवावी, किंवा सकाळी फक्त डोळ्याखालच्या हाडावर लावावी. ती लावल्यावर निदान दहा मिनिटे जाऊ द्यावीत आणि आयशॅडोपूर्वी पापणी टिश्यूने टिपून घ्यावी. सनस्क्रीनचा विचार थोडा निराळा आहे. ते सोडावे असे मी म्हणणार नाही, परंतु त्यातले तेलासारखे घटक कपाळावरून आणि भुवईच्या हाडावरून उबेने खाली सरकतात आणि वरून घडीत उतरतात. पापणीवर काहीच लावलेले नसताना घडीची फक्त वरची बाजू ओलसर दिसत असेल, तर गुन्हेगार वरून आलेला आहे. अशा वेळी भुवईच्या हाडाजवळ जाड क्रीमऐवजी लवकर मुरणारे, पातळ सनस्क्रीन वापरावे आणि त्या भागावर पावडरचा एक हलका हात द्यावा. कन्सीलरला (डाग आणि काळी वर्तुळे झाकणाऱ्या क्रीमला) प्रायमर समजून पापणीवर लावण्याची सवयही याच सदरात मोडते. बरेच कन्सीलर डोळ्याखाली कोरडे दिसू नयेत म्हणून मुद्दाम ओलसर ठेवलेले असतात, आणि ओलसर थरावर ओलसर थर ठेवून दोन्ही सुकण्याची वाट पाहणे व्यर्थ आहे.

आता डबीत काय आहे ते पाहू. दुकानात सगळ्याच डब्यांवर ‘क्रीम’ लिहिलेले असते, पण त्या शब्दाखाली तीन निरनिराळ्या जाती विकल्या जातात. पहिली तेल आणि मेण यांची. हिच्यात पाणी नसते आणि उडून जाणारे काही नसते. एरंडेल, ऑक्टिलडोडेकॅनॉल, ट्रायग्लिसराइड, पेट्रोलेटम असे न सुकणारे पदार्थ आणि त्यांना घट्ट धरणारे मधमाश्यांचे किंवा कार्नौबाचे मेण. ही क्रीम लावताना अतिशय सुखद, पसरवायला सोपी आणि कोरड्या त्वचेवर सुंदर दिसणारी असते, पण ती कधीच सुकत नाही, कारण सुकायला तिच्यात काही नसतेच. मेण म्हणावे तर कार्नौबाचे मेण ८० अंश सेल्सिअसच्या पुढे वितळते आणि मधमाश्यांचे ६० ते ६५ अंशांच्या दरम्यान. पण तेलात विरलेल्या मेणाचा गोळा मऊ होऊन सरकायला त्वचेची ऊब आणि पापणीचा दाब पुरेसा असतो.

दुसरी जात उडून जाणाऱ्या विद्रावकाची. हिच्यात आयसोडोडेकेन किंवा सायक्लोपेंटासिलॉक्सेन हे घटक यादीच्या सुरुवातीला असतात आणि पुढे कुठेतरी ट्रायमिथिलसिलॉक्सीसिलिकेट हे लांबलचक नाव दिसते. पहिले दोन रंग पसरवतात आणि हवेत उडून जातात. तिसरे मागे राहून पातळ, लवचिक पापुद्रा बनवते आणि रंगाचे कण त्यात अडकतात. आयसोडोडेकेनचा उत्कलनबिंदू सुमारे १८० अंश सेल्सिअस आणि सायक्लोपेंटासिलॉक्सेनचा सुमारे २१० अंश असल्यामुळे पहिल्यावर बेतलेली क्रीम लवकर बसते आणि दुसरी विरवायला थोडा अधिक वेळ देते. मॅकचा पेंट पॉट, मेबलिनचा कलर टॅटू, लॉरा मर्सिएची कॅव्हिअर स्टिक ही बसणाऱ्या जातीची ओळखीची नावे आहेत. तिसरी जात पाण्यावर बेतलेली; बहुतेक द्रवरूप आणि चमकीच्या आयशॅडो या जातीच्या असतात. पाणी उडाल्यावर अ‍ॅक्रिलेट जातीचा पापुद्रा मागे राहतो. हा पापुद्रा ताठ असतो, म्हणून जाड लावला तर त्याची ओलसर रेघ होत नाही, तो तडकतो.

घटकांची यादी वाचताना एक नियम ध्यानात ठेवला की पुरे. एक टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. त्याखालचे घटक कोणत्याही क्रमाने आणि रंगद्रव्ये सर्वांत शेवटी येतात. म्हणून पहिल्या पाच नावांत उडणारा विद्रावक आहे की न उडणारे तेल, एवढे पाहिले तरी डबीचा स्वभाव कळतो. यादी हाताशी नसेल तर मनगटाच्या आतल्या बाजूला एक पट्टी ओढावी, दोन मिनिटे थांबावे आणि बोट फिरवून पाहावे. रंग बोटाला भरपूर आला तर ती सरकणारी, जवळजवळ आला नाही तर बसणारी. मनगटावरची ही चाचणी क्रीमची जात सांगते, ती पापणीवर किती टिकेल ते मात्र सांगत नाही. हात मिनिटाला वीस वेळा दुमडत नाही.

सरकणारी क्रीम वाईट, असा याचा अर्थ नाही. तिला पावडरची जोड लागते, इतकेच. बारीक, रंगहीन सेटिंग पावडर किंवा त्याच छटेची कोरडी आयशॅडो मऊ ब्रशवर अगदी थोडी घेऊन ती दाबून बसवावी, फिरवू नये. फिरवल्याने क्रीम उचलली जाते आणि डाग पडतात. पावडरमधील टाल्क किंवा सिलिका तेलाचा काही अंश शोषून घेते आणि थराची सरकण्याची सोय कमी होते. उलट बसणाऱ्या क्रीमला पावडरची बहुधा गरज नसते, आणि ती पूर्ण बसण्याआधी टाकलेली पावडर ओल्या जागी चिकटून ढेकळे करते. पावडरवर क्रीम लावण्याचा उलटा क्रम तर दोन्ही जातींना घातक आहे.

प्रायमरबद्दल माझे मत थोडे कठोर आहे. आयशॅडोसाठी खास बनवलेला प्रायमर, जसा अर्बन डिकेचा प्रायमर पोशन, तेलकट पापणीवर निश्चित फरक पाडतो. पण तो पापुद्रा तयार करणारा थरच असतो आणि बसणाऱ्या क्रीमखाली तो दुसऱ्यांदा तेच काम करतो. प्रायमर, त्यावर कन्सीलर, त्यावर क्रीम, त्यावर पावडर अशी चळत रचली की प्रत्येक थर पातळ असूनही एकूण जाडी वाढते आणि घडीत भेग पडते. प्रायमर लावायचा असेल तर तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा दोन्ही पापण्यांना मिळून पुरतो, आणि तो हाताला कोरडा लागेपर्यंत थांबावे लागते. लावल्यावर रंग बारीक वळ्या होऊन निघू लागला, तर थर जास्त झाले आहेत किंवा खालचा सुकलेला नाही. उत्पादने एकमेकांशी ‘जुळत नाहीत’ हा निष्कर्ष त्यानंतरचा.

दुपारनंतरची रेघ आणि झुकती पापणी

पाच-सहा तास चांगला राहिलेला रंग नंतर मधोमध फिका पडत असेल, तर क्रीम आणि हात दोन्ही ठीक आहेत. त्वचेच्या तेलात मेद आणि मेणासारखे पदार्थ असतात. ते पापुद्र्यात हळूहळू मुरून त्याला मऊ करतात आणि घर्षण उरलेले काम करते. इथे प्रायमर खरोखर उपयोगी पडतो. दुपारी एकदा टिश्यूने पापणी टिपणेही उपयोगी पडते, पण ती टिपायची, पुसायची नाही. आठ तासांनंतर दिसणारी पुसट रेघ हा दोष मानावा की नाही, याचा प्रत्येकाने स्वतः निर्णय करावा. मी मानत नाही.

झुकत्या पापणीचे प्रकरण वेगळे आहे. तिच्यात वरची त्वचा दिवसभर त्याच पापणीच्या खालच्या भागावर टेकलेली असते, त्यामुळे डोळा उघडा असतानाही रंग त्वचेच्या दोन थरांमध्ये दाबला जातो आणि ऊब व ओल यांचा सतत संपर्क राहतो. रेघेच्या जोडीला भुवईखाली रंगाचा छापही उमटतो. अशा पापणीवर तेल-मेणाची क्रीम टिकवण्याचा खटाटोप करू नये. बसणाऱ्या जातीचीच निवड करावी. पावडर फक्त रंगावर न देता, त्यावर टेकणाऱ्या वरच्या त्वचेवरही द्यावी, कारण छाप घेणारी जागा कोरडी नसेल तर छाप देणाऱ्या जागेला कितीही पावडर लावून उपयोग होत नाही. रंगाची वरची सीमा डोळा उघडा ठेवून, समोर पाहत ठरवावी. मिटलेल्या डोळ्यावर आखलेली सुंदर कड उघडल्यावर पूर्ण झाकली जाते आणि मग ती दिसावी म्हणून थरावर थर चढतात. मस्काराचे ठिपके वर उमटत असतील, तर तो निराळा प्रश्न आहे आणि त्यासाठी कोमट पाण्याने निघणारा, केसाभोवती नळी बनवणारा मस्कारा हे उत्तर आहे.

दोन क्रीमची तुलना करताना

या तक्रारीतून सुटका होत नाही याचे एक मोठे कारण म्हणजे तुलना चुकीची होते. सोमवारी एक डबी, गुरुवारी दुसरी, मधल्या काळात हवा, झोप आणि त्वचा बदललेली, असे करून कोणती टिकते ते कळत नाही. एकाच दिवशी, एकाच तयारीवर, उजव्या पापणीला एक आणि डाव्या पापणीला दुसरी लावावी आणि दुसऱ्या दिवशी बाजू बदलाव्यात. बदल आवश्यक आहे, कारण दोन डोळे सारखे नसतात. एका बाजूची घडी खोल असते आणि एक डोळा आपण नकळत जास्त चोळतो. पाहायच्या वेळा ठरवून घ्याव्यात: दहा मिनिटे, एक तास, चार तास, आठ तास. दर वेळी खिडकीच्या उजेडात, डोळे अर्धवट मिटून फोटो काढावा. आठवणीवर विसंबलेली तुलना नेहमी महाग डबीच्या बाजूने झुकते.

तुलना करायची ती सारख्याच्या सारख्याशी. गडद तपकिरी मॅट (चमक नसलेली) आणि फिकी सोनेरी चमक या एकाच मालिकेतल्या छटा असल्या, तरी त्यांची वागणूक सारखी नसते. मॅट छटेत लोह ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड यांसारखे बारीक कण जास्त असतात. ते तेल शोषतात, म्हणून मॅट छटा लवकर कोरडी होते, विरवायला अवघड जाते आणि घाई झाली की ठिगळे पडतात. चमकत्या छटेत अभ्रकाचे चपटे तुकडे असतात. ते उजेड परत फेकतात, त्यामुळे लहानशी रेघ दिसतच नाही. म्हणजे सोनेरी छटा जास्त टिकली असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा ती जास्त लपली असते. उलट जाड चमकीचे कण बारीक सुरकुत्या उठून दिसायला लावतात, आणि प्रौढ त्वचेवर क्रीम ‘शोभत नाही’ या मतामागे क्रीमपेक्षा चमकीचा आकार अधिक असतो. बारीक, रेशमी चमक आणि एकच पातळ थर यांनी तिथे उत्तम काम होते.

तुलनेत आणखी एक गोष्ट धरावी: काढणे किती सोपे आहे. आठ तास टिकणारी आणि काढताना पापणी चोळायला लावणारी क्रीम मला सहा तास टिकणाऱ्या क्रीमपेक्षा कमी प्रतीची वाटते. कापसाचा बोळा दोन थरांच्या द्रवात भिजवून मिटलेल्या डोळ्यावर वीस-तीस सेकंद नुसता ठेवावा. पापुद्रा विरघळायला तेवढा वेळ लागतोच, आणि तो दिला की चोळावे लागत नाही.

पूर्वी चांगली असलेली डबी आता बिघडली असेल तर

बसणाऱ्या क्रीममधील विद्रावक पापणीवरून उडतो तसाच डबीतूनही उडतो. झाकण उघडे ठेवून दोन्ही डोळ्यांचा मेकअप करण्याची सवय असेल, तर काही महिन्यांत क्रीम कडेने आकसते, बोटाला तुकड्यांत येते आणि पापणीवर ठिगळे पाडते. अशा डबीत तेलाचे थेंब घालून ती मऊ करण्याचा घरगुती उपाय फार प्रचलित आहे आणि तो फसवा आहे: क्रीम मऊ होते, पण घातलेले तेल कधीच उडत नाही, म्हणजे बसणाऱ्या जातीची क्रीम आपण आपल्या हाताने सरकणाऱ्या जातीची करतो. पाणी घालणे त्याहून वाईट, कारण पाणी नसलेल्या उत्पादनात ते मिसळत नाही आणि जंतूंना वाव मिळतो. लागेल तेवढी क्रीम हाताच्या पाठीवर काढून झाकण लगेच घट्ट लावावे. स्टिकच्या टोपणाचा ‘टक’ असा आवाज होईपर्यंत ते दाबावे आणि कांडी दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त बाहेर काढू नये.

डबी नवी असूनही जुन्या डबीसारखी वागत नसेल, तर घटकांची यादी पुन्हा वाचावी. युरोपीय संघाने २०२४ साली केलेल्या नियमानुसार ६ जून २०२७ नंतर त्वचेवर लावून ठेवण्याच्या सौंदर्यप्रसाधनांत सायक्लोपेंटासिलॉक्सेनचे प्रमाण ०.१ टक्क्यापेक्षा कमी असावे लागणार आहे. त्यामुळे त्यावर बेतलेल्या क्रीमना घटक बदलावे लागतात, आणि नाव, डबी व छटा तीच राहूनही बसण्याचा वेळ बदलू शकतो. जुन्या क्रीमला मिनिटभर विरवायची सवय झालेला हात नव्या क्रीमवर उशिरा पोहोचतो आणि ठिगळे पडतात.

उघडल्यानंतर किती महिने वापरावी ते डबीवरील उघड्या झाकणाच्या चिन्हात लिहिलेले असते. वास किंवा रंग बदलला, वर तेल सुटले, तर ती मुदत संपण्याची वाट पाहू नये. डोळा आला असेल किंवा रांजणवाडी झाली असेल, तर त्या काळात वापरलेली डबी आणि ब्रश दोन्ही पुन्हा डोळ्याजवळ नेऊ नयेत. कॉन्टॅक्ट लेन्स मेकअपच्या आधी घालाव्यात आणि मेकअप काढण्याच्या आधी काढाव्यात. पापणी खाजत असेल, लाल होत असेल किंवा तिची साले निघत असतील, तर तो साचण्याचा प्रश्न नाही. सर्व वापर थांबवून त्वचारोगतज्ज्ञांना किंवा नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.

राहिला प्रश्न बाहेर असताना दिसलेल्या रेघेचा. पर्समधली पावडर तिच्यावर टाकण्याचा मोह आवरावा, कारण साचलेल्या क्रीमवर पडलेली पावडर तिथेच थापली जाते. आधी टिश्यूचा कोपरा घडीवर दाबून तेल टिपावे. मग नजर खाली ठेवून स्वच्छ, कोरड्या अनामिकेने रेघेवर हलके थोपटावे. जमलेला रंग दोन्ही बाजूंना पसरतो आणि जास्तीचा बोटाला येतो. सरकणाऱ्या क्रीमवर यानंतर पावडरचा अगदी हलका हात द्यायला हरकत नाही. बसणाऱ्या क्रीममध्ये मात्र फिकी पट्टी उरली असेल, तर थोपटून ती भरत नाही; तेवढ्याच जागी टाचणीच्या टोकाएवढी क्रीम टेकवून, एक मिनिट खाली पाहत थांबावे लागते.